बेनहामीना

माझं बारसं झालं नाही. धुळ्याला पांझरेच्या काठाजवळ एका गल्लीत आम्ही भाड्याने राहायचो. वडील वनखात्यात कारकून. माझ्या आधी तीन भाऊ आणि दोन बहिणी. मी जन्मले आणि चौथ्या दिवशी आई बाळंतज्वराने गेली. माझा बारावा दिवस आला तेव्हा घरात तिचं सुतक होतं. सुतक फिटल्यावर नाव ठेवू असं ठरलं, मग ते राहिलं, आणि राहिलं ते राहिलंच. वडिलांची थोरली बहीण बाळंतपणासाठी खेड्यावरून आली होती, ती मग राहिलीच आणि तिने आम्हा सहाही जणांना वाढवलं. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. फुई मला ‘धाकली’ म्हणायची, म्हणून सगळे धाकली म्हणायचे. वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. आबा मात्र मला कुठल्याच नावाने हाक मारत नसत. काही सांगायचं असलं की माझ्याकडे बघून एकदम बोलायला लागायचे.

शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मास्तरांनी विचारलं, “नाव काय लिहू?”

आबा माझा हात धरून उभे होते. ते काहीच बोलले नाहीत. मास्तरांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि रजिस्टरात आधीच्या मुलीचं जे नाव होतं तेच माझ्यापुढेही लिहिलं. त्या वर्गात मग आम्ही एकाच नावाच्या दोघी झालो. ती खरी, मी नक्कल, असं मला चौथीपर्यंत वाटत असे. तेच नाव पुढे माझ्या सगळ्या कागदांवर आलं. ते वाईट नाही, पण इथे सांगण्यासारखंही त्यात काही नाही.

मी अकरा वर्षांची असताना आबांची बदली पिंपळनेरला झाली. मोठी भावंडं तोवर शिक्षणाला, नोकरीला, सासरी पांगली होती. आबा, फुई आणि मी असे तिघंच तिकडे गेलो. घर लाकडाच्या डेपोला लागूनच होतं. दिवसभर सागाचे ओंडके आणि बांबू उतरत. ठेकेदार येत, लिलाव होत. जेवताना आबा फुईला डेपोतल्या गोष्टी सांगायचे. एकदा म्हणाले, “या वर्षीचा ठेका बेनामी आहे. मालक दुसराच कुणीतरी.”

मी विचारलं, “बेनामी म्हणजे काय?”

“ज्याला स्वतःचं नाव नाही ते,” आबा म्हणाले आणि जेवत राहिले.

तो शब्द माझ्या मनात पक्का बसला. आपल्यासाठी एक शब्द आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्याच हिवाळ्यात डेपोत खेळताना माझ्या टाचेत बांबूची शिलक, म्हणजे अणकुचीदार ढलपी, शिरली. फुईने सुईने काढली, पण अर्धी आत राहिली असावी. चार दिवसांत पाय गुडघ्यापर्यंत सुजला आणि ताप चढला. पिंपळनेरपासून काही कोसांवर, डोंगराच्या पायथ्याशी, मिशनचा एक छोटा दवाखाना होता. आबांनी मला वनखात्याच्या ट्रकमध्ये पुढे बसवून तिकडे नेलं. फुई सोबत आली. तिथे एक गोरी सिस्टर होती. आम्ही तिला इंग्रज समजलो होतो. आबांनी इंग्रजीत काही विचारलं तर तिलाही आबांइतकंच इंग्रजी येत होतं. ती स्पेनची आहे हे नंतर कळलं. स्पेन कुठे आहे ते मला माहीत नव्हतं आणि फुईला तर माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

सिस्टरने टाच कापून शिलक काढली, तेव्हा मी तिच्या हाताला चावले. ती रागावली नाही. दंड चोळत म्हणाली, “दात उत्तम आहेत.” तिचं मराठी पुस्तकातून आलेलं होतं, त्यात डोंगरातल्या पेशंटांची अहिराणी मिसळलेली. “तू भोजन केलेस काय व माय?” असं ती रोज मला विचारायची, आणि फुई पदर तोंडाला लावून हसायची.

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना तिने फुईला विचारलं, “हिला भावंडे किती?”

फुई म्हणाली, “हिनावर पाच शेतस. हाई बठ्ठास्मा धाकली.”

सिस्टरला ते समजलं. तिचा चेहरा खुलला. माझा गालगुच्चा घेऊन ती म्हणाली, “आ! बेनहामीना!”

मला ऐकू आलं ते ‘बेनामी ना’. ही बेनामी ना! या बाईला कुणी सांगितलं? माझं शाळेतलं नाव दवाखान्याच्या वहीत लिहिलेलं होतं, आबांनीच लिहिलं होतं. तरी हिला कसं कळलं की ते नाव उसनं आहे? मी फुईकडे पाहिलं. फुई निवांत सुपारी कातरत होती.

त्यानंतर सिस्टर सकाळ-संध्याकाळ मला त्याच शब्दाने हाक मारायला लागली. “बेनहामीना, पाय दाखव. बेनहामीना, औषध.” शेजारच्या खाटेवर डोंगरातली एक म्हातारी होती. तीही ते ऐकून म्हणायला लागली, “ए बेनामी, तांब्या सरकाव.” मी तांब्या सरकवत असे आणि मनातल्या मनात जळत असे. सिस्टर इतकी हसून, इतक्या मायेने तो शब्द म्हणायची की तो अपमान आहे असंही म्हणता येईना. आणि तो अपमान नसेल तर दुसरं काय असेल, तेही सुचेना.

पाचव्या का सहाव्या दिवशी सिस्टर पट्टी गुंडाळत होती. तिने सहज विचारलं, “बेनहामीनाची आई का येत नाही?”

फुई म्हणाली, “हिनी माय नही शे. हिना जलमवरच गयी.”

“जन्माच्या वेळी?”

“हा. चौथे दिन.”

सिस्टरचा हात जागच्या जागी थांबला. पट्टीचं टोक तिच्या बोटांतून सुटलं आणि सगळी गुंडाळी उलगडत जमिनीवर गेली. ती माझ्याकडे बघत राहिली. मग कपाळाला, छातीला आणि दोन्ही खांद्यांना बोटं लावून पुटपुटली, खाली वाकून पट्टी उचलली आणि नवी आणायला गेली. त्या दिवसापासून तिने मला तो शब्द एकदाही म्हटला नाही. ‘बाळ’ म्हणायची, बास.

यामुळे मी जास्तच गोंधळले. आई नाही हे कळल्यावर शब्द बंद झाला, म्हणजे त्या शब्दाचा आईशी काहीतरी संबंध होता. धुळ्याच्या गल्लीत एक बाई मला बघून ‘आईला खाऊन आली’ असं म्हणायची. तसंच काहीतरी हे त्यांच्या भाषेत असेल का? पण मग सिस्टर आधी हसून का म्हणत होती? आणि म्हातारीने तो शब्द सोडला नव्हता. ती अजूनही मला बेनामी म्हणूनच हाक मारत होती.

रविवारी आबा आले. मी त्यांना सांगितलं, “सिस्टर मला बेनामी म्हणायची.”

आबांचा चेहरा उतरला. ते तडक बाहेर गेले. खिडकीतून मला ते दोघं अंगणात उभे दिसत होते. सिस्टर हातवारे करून सांगत होती. एकदा तिने उजवा हात वर केला, एकदा पोटाशी धरला. आबा मान खाली घालून ऐकत होते. परत आले तेव्हा म्हणाले, “ती बेनामी म्हणत नव्हती.”

“मग काय म्हणत होती?”

“त्यांच्याकडचं काहीतरी आहे. त्यांच्या पोथीत कुणी मुलगा होता. त्याची आई…” आणि आबा थांबले. “मला नीट कळलं नाही. तू झोप.”

सुटी मिळाली तेव्हा सिस्टरने मला साखरेच्या दोन गोळ्या दिल्या. मी त्या घेतल्या आणि तिच्याकडे न बघता ट्रकमध्ये चढले.

तो शब्द पुढे सहा-सात वर्षं माझ्याबरोबर राहिला. रोज आठवायचा असं नाही. पण कुणी धाकटं मूल, कुणी आईवेगळं मूल दिसलं की यायचा. आबांना मी पुन्हा विचारलं नाही. ते विचारू देणारे नव्हते असं नाही, पण त्या दिवशी खिडकीतून दिसलेली त्यांची खाली गेलेली मान मला विसरता येत नव्हती.

मॅट्रिक झाल्यावर मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी जळगावला आले. मधली बहीण तिथे पिंप्राळ्याला राहायची. मेहुणे रेल्वेच्या माल कचेरीत होते. पिंप्राळा तेव्हा गावच होतं, पलीकडे केळीचे मळे आणि अलीकडे रेल्वेची फाटकं. घरमालकीण गुजराती होती. एकदा भाजी निवडताना मी तिला तो शब्द सांगितला. ती लगेच म्हणाली, “अगं, बेन, हमणां! म्हणजे ताई, आत्ता. तुमची सिस्टर आधी सुरतेकडे असेल. ‘बेन, हमणां पाय बताव’ असं म्हणत असेल.”

मला ते इतकं पटलं की दोन दिवस हलकं वाटलं. तिसऱ्या दिवशी आठवलं, ‘आ! बेनहामीना!’ म्हणून तिने माझा गालगुच्चा घेतला होता. ‘ताई, आत्ता’ म्हणून गालगुच्चा कोण घेतं? आणि आई नाही हे ऐकून तिने ते बंद तरी का केलं असतं? म्हणजे तेही नव्हतं.

आमच्यापासून तिसऱ्या घरात रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड राहायचे. सत्तरीचे, मूळचे कोकणातले. बोलणं अस्सल कोकणी वळणाचं मराठी. बायको गेलेली, दोन्ही मुलगे आपल्या धर्मबांधवांच्या नव्या देशात जाऊन राहिलेले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता म्हणून मी कॉलेजातून आल्यावर त्यांना पेपर वाचून दाखवत असे. मी त्यांना काका म्हणायची. शनिवारी त्यांच्या घरात चूल पेटत नसे, आणि त्यांच्या दाराच्या चौकटीला उजव्या बाजूला टिनाची एक बारीक नळी तिरकी ठोकलेली होती. आत-बाहेर करताना ते तिला बोटं लावून ओठांना नेत.

एक दिवस मी विचारलं, “काका, या नळीत काय आहे?”

“आमच्या भाषेतलं लिहिलेलं आहे.”

“तुमची भाषा तर मराठीच.”

ते हसले. “बोलायची मराठी. देवाची हिब्रू. आम्ही इस्राएल लोक ना, बाय. मला तीही सगळी येत नाही. लहानपणी पाठ केलेलं तेवढं. बेन म्हणजे मुलगा, बाथ म्हणजे मुलगी…”

मी पेपर खाली ठेवला. “काका, बेन म्हणजे मुलगा? गुजरातीत बेन म्हणजे बहीण.”

“गुजरातीत असेल. आमच्यात मुलगा.”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. टाच, सिस्टर, आबांनी अंगणात खाली घातलेली मान, सगळं. शब्द कसा म्हणायची तेही म्हणून दाखवलं. काका डोळे मिटून दोन-तीनदा पुटपुटले. “बेनहामी… बेन-हा-मीन…” मग ताठ बसले. “अगो, बिन्यामीन! बेन-यामीन. हे तर नाव आहे. आमच्या पूर्वजांतलं.”

“आईवेगळ्या मुलाचं?”

“तुला कुणी सांगितलं?”

“आबांनी अर्धं सांगितलं होतं.”

काकांनी गोष्ट सांगितली. आमच्या एका कुळपुरुषाला बारा मुलगे होते, म्हणाले. सगळ्यात धाकटा होताना त्याची आई वाटेतच, प्रवासात, गेली. जीव जाताना तिने त्याचं नाव ठेवलं, बेन-ओनी. म्हणजे माझ्या दुःखाचा मुलगा. बापाला ते नाव घेववलं नाही. त्याने बदलून बिन्यामीन ठेवलं. उजव्या हाताचा मुलगा.

“उजव्या हाताचा म्हणजे?”

“आधाराचा, मानाचा. पण यामीन म्हणजे दक्षिण दिशाही होते. काही जण म्हणतात, म्हातारपणी झालेला मुलगा असा अर्थ. आणि ओनी म्हणजे दुःख की माझी शक्ती, यावरही शहाण्या लोकांचं भांडण आहे.” काकांनी हात झटकले. “मी गार्ड माणूस. झेंडा हिरवा की लाल एवढं मला कळतं.”

अंगणातला सिस्टरचा वर गेलेला उजवा हात आता कळला. पोटाशी धरलेला हातही कळला. पण एक गोष्ट बसत नव्हती. “काका, ती हे मला आधीच म्हणायला लागली होती. आई गेल्याचं तिला नंतर कळलं. आणि कळल्यावर तर ते तिने सोडलं.”

काका म्हणाले, “हो की. मग तिला आधी कसं कळलं?”

“आणि मी तर मुलगी.”

“हो की,” काका पुन्हा म्हणाले. त्या दिवशी पेपर वाचायचा राहिला.

दिवाळीच्या सुटीत मी धुळ्याला गेले. आबा निवृत्त होऊन फुईसह तिथे परतले होते. मैत्रिणीकडे जाते असं सांगून मी सकाळच्या गाडीने साक्रीवरून पिंपळनेर गाठलं आणि तिथून बैलगाडीने दवाखाना. सिस्टर तिथेच होती. चष्मा लागला होता, चेहरा उन्हाने रापलेला. तिने मला ओळखलं नाही. मी चप्पल काढून टाच दाखवली.

“अरे देवा,” ती म्हणाली, “ही टाच माझी आहे!” आणि दंडावरची बाही वर करून जिथे मी चावले होते ती जागा मला दाखवायला लागली. तिथे काही नव्हतं.

आता तिला मराठी सरळ येत होतं. व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही बसलो. मी प्रस्तावना न करता विचारलं, “सिस्टर, तुम्ही मला बेनहामीना का म्हणायचात?”

तिला क्षणभर आठवेना. मग म्हणाली, “कारण तू सर्वांत लहान होतीस.”

“एवढंच?”

“एवढंच. आमच्या गावात कोणत्याही घरात सर्वांत लहान मुलगा तो बेनहामीन, मुलगी ती बेनहामीना. शाळेत सर्वांत लहान, फुटबॉलच्या संघात सर्वांत लहान, तोही बेनहामीन. तुमच्यात काय म्हणतात, ते झाडाच्या टोकाचे फळ?”

“शेंडेफळ.”

“हां, शेंडेफळ! तेच. मीसुद्धा माझ्या घरची बेनहामीना. नऊ भावंडांत शेवटची. माझी आई मला हाक मारायची तीच हाक मी तुला मारली. लाड म्हणून.”

मी म्हणाले, “पण ते तर त्या पोथीतल्या मुलाचं नाव. ज्याची आई…”

“हो. नाव तिथून आले. तो बारांत शेवटचा, म्हणून आमचे लोक शेवटच्याला तसे म्हणायला लागले. केव्हापासून ते मला माहीत नाही. पण रोज बोलताना कोण गोष्ट आठवतो? भाकर मागताना कोणी शेत आठवत नाही.” ती थांबली, चष्मा काढून डोक्यावरच्या पांढऱ्या कापडाच्या टोकाने पुसला. “त्या दिवशी तुझ्या आत्याने सांगितले की आई गेली. तेव्हा मला एकदम गोष्ट आठवली. मला वाटले, मी या पोरीला पाच दिवस काय म्हणत आहे? तिची जखम मी रोज धुते आणि रोज त्याच तोंडाने… मला लाज वाटली. मग तुझे वडील आले, तेव्हा मी त्यांना समजावून सांगायला गेले. माझे मराठी तेव्हा वाईट. त्यांना काय समजले कोण जाणे. ते रडत होते.”

“आबा?”

“हो. तुला माहीत नव्हते?”

मला माहीत नव्हतं. खिडकीतून मान खाली गेलेली दिसली होती, चेहरा दिसला नव्हता.

“मी त्यांना म्हटले,” सिस्टर सांगत होती, “गोष्टीतल्या आईने जाताना मुलाचे नाव ठेवले आणि वडिलांनी ते बदलले. ते ऐकून ते रडले. का, ते मला समजले नाही.” मग तिने मला विचारलं, “तुझ्या आईने काही नाव ठेवले होते का?”

मी म्हणाले, नाही. पण म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं की हे मी कधी कुणाला विचारलेलंच नाही.

धुळ्याला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आबा ओट्यावर बसले होते, फुई आतल्या दाराशी तांदूळ निवडत होती. मी मैत्रिणीकडे गेले नव्हते हे सांगून टाकलं. सिस्टरला भेटून आले म्हणाले. मी उभ्या उभ्याच विचारलं, “आबा, आईने माझं नाव ठेवलं होतं का?”

फुईचा हात सुपात थांबला.

आबा म्हणाले, “तिसऱ्या दिवशी तिची शुद्ध जात-येत होती. मी जवळ बसलो होतो. तू तिच्या कुशीत होतीस. तिने तुझ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, तापी. दोनदा म्हणाली.”

तापी म्हणजे आमची नदी. आईचं माहेर तापीकाठचं. मुलींचं तसं नावही ठेवतात.

“मग हे नाव का नाही ठेवलंत?”

आबांच्या आधी फुई बोलली. “कारन ते नाव नव्हतंच व. ती गायनं इचारे. तापी गायनं.”

“कुठली गाय?”

“तुनी मायनी माहेरतीन आनेल गाय. तिनं नाव तापी. गाभण व्हती. मी पानी लई आनू तवय तुनी माय माले इचारे, तापी, तापी. मी सांगं, चांगली शे, चारा खाई राहिनी. तवय तिनं डोया मिटा.”

आबा एकदम चिडले. मी त्यांना फुईवर आवाज चढवताना कधी पाहिलं नव्हतं. “अक्का, तू खोलीत नंतर आलीस! माझ्यासमोर तिने पोरीवर हात ठेवला होता. गाईवर नाही.”

“तुनासमोर काय म्हने ते तुले माहीत. मनासमोर गायच इचारी.”

“आणि ती सुईण?” आबा माझ्याकडे वळले. “ती म्हणाली, बाई ताप, ताप म्हणत होती, अंग भाजतंय म्हणून. तिघांनी तीन सांगितलं. मी काय करायचं? तापी नाव ठेवलं आणि ती गाईचं विचारत होती असं निघालं, तर? पोरीला जन्मभर गाईच्या नावाने, नाहीतर तापाच्या नावाने हाक मारायची? आणि दुसरं ठेवलं आणि तिने खरंच नाव ठेवलं असेल तर?” त्यांचा आवाज फुटला. “बाराव्या दिवशी ठरवता आलं नाही. मग म्हटलं, पुढच्या महिन्यात ठरवू. मग शाळेच्या मास्तराने विचारलं तेव्हाही…”

फुई सूप खाली ठेवून चुलीकडे गेली. जाताना पदराने डोळे पुसत होती, पण बोलली ते एवढंच, “गाय चांगली व्हती. तिनंच दूध पिसन तू वाढनी.”

मला हसू आलं आणि रडूही. दोन्ही एकदम आल्यामुळे घशातून भलताच आवाज निघाला, आणि आबा घाबरून उठले. मी त्यांच्याशेजारी ओट्यावर बसले. ते म्हणाले, “तुला हवं असेल तर अजून बदलता येईल. अर्ज करावा लागेल, एवढंच.”

“काय ठेवायचं?” मी विचारलं.

“तू सांग,” आबा म्हणाले.

मला सांगता येईना. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर मास्तरांनी दिलेलं नाव होतं, कॉलेजच्या हजेरीत तेच. आईने मला हाक मारली होती की गाईची चौकशी केली होती की अंग जळतं म्हणत होती, हे सांगू शकणारं घरात कुणी उरलं नव्हतं. जे दोघं होते ते भांडत होते. शेवटी मी म्हणाले, “राहू द्या आबा. आहे तेच राहू द्या.”

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून आले तर ते फुईला विचारत होते, “धाकली उठली का?” मी थबकले. आबांच्या तोंडून माझ्यासाठी कुठलंही नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. ते पुढे शेवटपर्यंत मला धाकलीच म्हणत राहिले. गाय की नदी यावरून मात्र त्यांचं आणि फुईचं त्या सुटीत आणखी दोनदा वाजलं.

जळगावला परतल्यावर मी काकांना सगळं सांगितलं. स्पेनमध्ये शेंडेफळाला बिन्यामीन म्हणतात हे ऐकून त्यांना फार मौज वाटली. “बघ, आमचं नाव कुठे कुठे जाऊन आलं! आणि आमचे वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवत बसले,” म्हणाले. गाईचं ऐकून ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग डोळे पुसून म्हणाले, “आमच्या त्या बापाने नाव बदललं. तुझ्या बापाला बदलायलाही हाताशी पक्कं नाव नव्हतं. त्याचं जास्त कठीण.”

मला ते पटलंही आणि नाहीही. आबांनी खरंच नीट ऐकलं नव्हतं की ऐकलेलं मानवलं नव्हतं, हे मला अजून ठरवता येत नाही. वाईट वाटायचं ते कशाचं, तेही कधी कधी कळेनासं होतं.

पुढच्या वर्षी काका मुलांकडे जायला निघाले. मी आणि बहीण स्टेशनवर पोचवायला गेलो. त्यांनी दाराची ती टिनाची नळी काढून रुमालात बांधून खिशात घेतली होती. डब्यात बसल्यावर म्हणाले, “पत्र लिहिशील ना? तिथे मराठी वाचून दाखवायला थोरल्याची बायको आहे.” मी लिहीन म्हणाले. काकांनी सवयीने गार्डाच्या डब्याकडे मान वळवून बघितलं, आणि शिट्टी झाली.